गावाकडच्या घरासाठी जुनं फर्निचर: घाई करू नका, आधी चारही ऋतू बघा

गावाकडच्या लहानशा घराची किल्ली हातात आली की माणूस पहिल्याच रविवारी जुन्या बाजाराकडे धावतो. मीही धावलो होतो. उंच, दणकट, दोन दारांचं एक कपाट पाहताक्षणी आवडलं. गाडीत घालून आणलं, चौघांनी मिळून आत नेलं, आणि मग ते उभंच राहिना. कपाटाची उंची २०० सेंटिमीटर, छत २०५ वर. कागदावर सगळं बरोबर होतं. पण आडवं कपाट उभं करताना छताला लागतो तो त्याचा कर्ण, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. ६० सेंटिमीटर खोल असलेल्या त्या कपाटाचा कर्ण २०९ च्या आसपास भरला. शेवटी सुतार मिळेपर्यंत दोन महिने ते जमिनीवर आडवंच पडून होतं आणि आम्ही त्यावर बसत होतो.

हे ज्ञान नवख्यांना फुकटात मिळावं म्हणून हा लेख. माझं म्हणणं एवढंच की पहिलं वर्ष घर जवळजवळ रिकामं ठेवा. ऋतूंचा एक फेरा बघितल्याशिवाय कोणती वस्तू कुठे लागणार हे कळत नाही, आणि ते कळलेलं नसताना बाजारात गेलं की दिसेल ते हवंसं वाटतं.

पायरी १: पहिलं वर्ष थोडक्यात भागवा

झोपायला काहीतरी, एक टेबल, दोन खुर्च्या, एक लांब बाक आणि भिंतीला पाच-सहा खुंट्या. एवढ्यात वर्ष आरामात निघतं. बाकी सामान खोक्यांत राहू द्या. जे खोकं वर्षभरात उघडलंच नाही, त्यातल्या वस्तूंसाठी कपाट घ्यायची गरज नसते. (हे आमच्या घरात अजून सर्वांना पटलेलं नाही.)

एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. कुठल्या भिंतीला ओल येते, कुठल्या फटीतून वारा शिरतो, कुठलं दार पावसात फुगतं, संध्याकाळी पाय आपोआप कुठे वळतात, असल्या नोंदी त्यात करायच्या. उन्हाची नोंद वहीत नको, थेट जमिनीवर खडूने करा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, खिडकीतून आलेल्या उन्हाच्या कडेवर रेघ ओढायची आणि बाजूला तारीख लिहायची. कर्क आणि मकर वृत्तांच्या बाहेरच्या प्रदेशात दुपारच्या सूर्याची उंची ऐन उन्हाळा आणि ऐन हिवाळा यांत ४७ अंशांनी बदलते. वृत्तांच्या मधल्या पट्ट्यात तर तो वर्षातला काही काळ चक्क दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून डोकावतो. त्यामुळे एका ऋतूत सावलीत असलेला कोपरा दुसऱ्या ऋतूत उन्हाने भरून जातो. आरामखुर्ची तिथे हवी. पॉलिश केलेलं, व्हिनिअर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेलं कपाट मात्र तिथे अजिबात नको, कारण रोजच्या उन्हाने रंग उडतो आणि व्हिनिअर सुटायला लागतं.

पायरी २: मापांचा कागद पाकिटात

खोलीची लांबी-रुंदी सगळेच मोजतात. राहून जातात ती दारं, जिन्याचं वळण, छतातली सगळ्यात खाली आलेली तुळई आणि खिडकीच्या कट्ट्याची उंची. हे सगळं एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. कपाटासाठी कर्ण काढायची सवय लावा: कपाटाच्या उंचीचा वर्ग अधिक त्याच्या खोलपणाचा (पुढून मागेपर्यंतच्या मापाचा) वर्ग, त्याचं वर्गमूळ. फोनवर दहा सेकंदांचं काम आहे.

टेबल-खुर्चीची जोडी वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवणार असाल तर बसायची जागा आणि टेबलाचा वरचा पृष्ठभाग यांत २८ ते ३० सेंटिमीटर अंतर पडायला हवं. टेबल साधारण ७२ ते ७६ आणि खुर्चीची बैठक ४३ ते ४६ सेंटिमीटर असली की मांड्या अडकत नाहीत. जुने पलंग आजच्या गाद्यांच्या मापाचे नसतात. पलंग घेण्याआधी गादीचा विचार करा, नाहीतर गादी शिवून घ्यायचा खर्च पलंगाच्या वर जातो.

पायरी ३: शोधायचं कुठे

जुन्या बाजारात वस्तू मिळतात, पण चांगल्या वस्तू बाजारापर्यंत पोचायच्या आधीच कोणीतरी उचलतं. म्हणून आसपास सांगून ठेवा. कोणी घर रिकामं करतंय, कोणाच्या माळ्यावर पेटारा पडून आहे, एखादी शाळा बाकं बदलतेय, एखादं जुनं ऑफिस बंद होतंय, याची बातमी आधी गावातल्या सुताराला लागते. त्याच्याशी ओळख वाढवा. पुढे दुरुस्तीलाही तोच लागणार आहे.

लिलावाला जाणार असाल तर आदल्या दिवशी किंवा सकाळी वस्तू पाहायची सोय असते ती चुकवू नका. आपला आकडा आधी कागदावर लिहा, आणि बोलीच्या रकमेवर घेणाऱ्याकडून कमिशन घेतलं जातं का, ते विचारा. बऱ्याच ठिकाणी घेतात, आणि ते जमेस न धरणारा माणूस स्वस्तात मिळालं म्हणून खूश होऊन घरी येतो. ऑनलाइन फोटो बघताना विक्रेत्याकडे पाठीचा, तळाचा आणि उघड्या ड्रॉवरचा फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली की पुढे जा.

ऋतूचाही फायदा घ्यावा. बागेतल्या खुर्च्या थंडीत बघाव्यात, जाड पडदे आणि रग उन्हाळ्यात. भर पावसात बाजार ओस असतो आणि विक्रेता बोलायच्या मूडमध्ये असतो. शिवाय ओल्या हवेत कुठला ड्रॉवर अडकतो, कुठल्या लाकडाला बुरशीचा वास येतो, हे लपत नाही.

पायरी ४: वस्तू उलटी करून बघा

पुढून सगळीच कपाटं देखणी असतात. मी आता कुठल्याही वस्तूकडे आधी पाठीमागून आणि खालून बघतो. खिशात टॉर्च, टेप, एक छोटं लोहचुंबक आणि गुडघे टेकायला जुना टॉवेल असतो. दुकानदार हसतात, हसू द्या.

ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा. पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळतात तो कोपरा बघा. एकमेकांत अडकवलेल्या, कबुतराच्या शेपटीसारख्या पसरत जाणाऱ्या दात्यांचा सांधा, म्हणजे डव्हटेल, असेल तर काम मन लावून केलेलं आहे. दाते एकाच मापाचे, छापल्यासारखे असतील तर यंत्राने केलेले. थोडे लहानमोठे, मधल्या खाचा अरुंद आणि आखणीची बारीक रेघ अजून दिसतेय, तर ते हाताचं काम. नुसते खिळे ठोकलेले असतील किंवा स्टेपल मारलेले असतील तर भाव त्याप्रमाणे करा. मग ड्रॉवर गेला त्या पोकळीत हात घालून बोटं फिरवा. हाताने रंधलेल्या फळीवर हलक्या लाटा लागतात, यंत्रावरची फळी सपाट असते. करवतीच्या खुणा सरळ की कमानीसारख्या गोल, हेही बघा. गोल करवत १९व्या शतकात सर्रास वापरात आली, त्यामुळे गोल खुणांचं लाकूड त्याहून जुनं असल्याचा दावा कोणी केला तर नुसतं ऐकून घ्यावं.

स्क्रू तर खोटं बोलतच नाहीत. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले. ते मुळातच त्या जागेचे असतील, बाजूला जुनं भोक नसेल, तर वस्तू त्यानंतरची. उलट, १८५०च्या आधीचे स्क्रू टोकाला बोथट असत. एखादा स्क्रू काढून बघायची परवानगी मागा. बहुतेक वेळा मिळते.

गोल टेबल असेल तर टेप काढा. लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीला जवळजवळ नाही. त्यामुळे अखंड लाकडाचं, शंभरेक वर्षं जुनं टेबल पूर्ण गोल राहत नाही. रेषांच्या दिशेने १०० सेंटिमीटर आणि आडवं ९९ किंवा त्याहून थोडं कमी भरलं तर मला आनंद होतो. अचूक गोल भरलं तर वरची फळी नवीन असू शकते किंवा खाली प्लायवूड आहे.

मग भोकं. लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी, दीड ते दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली की नवखा माणूस दचकतो. फर्निचर बीटल नावाचा भुंगेरा बाहेर पडताना ती भोकं पाडतो. त्याची अळी आत दोन ते पाच वर्षं लाकूड खात असते. भोकं जुनी असतील, कडा काळपट आणि आत धूळ बसलेली असेल, तर घाबरायचं कारण नाही. कडा ताज्या लाकडाच्या रंगाच्या आणि खाली पिठासारखा भुसा सांडलेला असेल तर कीड जिवंत आहे. शंका असेल तर घरी आणल्यावर खाली काळा कागद पसरा, भोकांवर पातळ कागद चिकटवा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. खाली ताजा भुसा पडला किंवा वरच्या कागदाला भोक पडलं की समजायचं. पायाला बोट रोवता येतं किंवा फळी दाबल्यावर दबते, अशी वस्तू मात्र कितीही गोड दिसली तरी सोडून द्या.

काही वस्तूंची ओळख ठेवली तर बाजारात मजा येते. फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांची १८५९ची १४ नंबरची खुर्ची त्यातली एक. वाफेवर वाकवलेल्या बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, पाठीला दोन कमानी, वेताची बैठक. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, बस. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत आणि जहाजाने जगभर जात. तिच्या नकला अगणित आहेत. त्या वाईटच असतात असंही नाही. बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला छाप किंवा चिकटवलेली चिठ्ठी शोधा. चौकटीला चीर असेल तर खुर्ची नको. वेत नुसता सैल पडला असेल तर काळजी नको. खुर्ची उलटी करून वेताला खालून गरम पाण्याने ओलं करा, तशीच सावलीत वाळू द्या, बैठक पुन्हा ताणली जाते. तुटलेला वेत मात्र विणूनच घ्यावा लागतो.

दुसरी लॉइड लूम. वेतासारखी दिसणारी ही खुर्ची असते कागदाची. मार्शल लॉइड यांनी १९१७मध्ये पिळलेला कागद आणि तार यांचं विणकाम शोधलं. लोहचुंबक त्यासाठीच जवळ ठेवायचं. उभ्या धाग्यांत पोलादी तार असते, तिथे ते चिकटतं. वेताच्या खुर्चीला चिकटणार नाही.

जुना आरसा घेताना एक सावधगिरी. काचेमागे चांदीचा थर देण्याची रीत रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या १८३५च्या शोधानंतर रुळली. त्याआधीचे आणि त्यानंतरचेही काही आरसे कथील आणि पारा यांचे असत. पारा विषारी असतो, म्हणून अशा आरशाचं मागचं फळकट उघडू नका, घासू नका, झोपायच्या खोलीत लावू नका.

आणि वास. नाक ड्रॉवरमध्ये घाला. कुंद वास वाळवून, उघडं ठेवून जातो. सिगारेटचा सहसा जात नाही.

पायरी ५: उंबऱ्याबाहेर थांबवा

आणलेली वस्तू लगेच आत घेऊ नका. ओसरीत किंवा शेडमध्ये दोन-तीन आठवडे राहू द्या. लहान लाकडी वस्तूत कीड असेल तर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येते. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लास्टिक उघडू नका, म्हणजे दव लाकडावर न जमता बाहेर जमतं. गादी लावलेल्या खुर्च्यांच्या शिवणी टॉर्चने बघा. ढेकूण घरात आणण्यासारखी दुसरी चूक नाही. लाकूड एकवेळ दुरुस्त होतं.

साफसफाईत संयम ठेवा. आधी कोरडा मऊ ब्रश, मग चांगलं पिळलेलं ओलं फडकं, मग कोरडं. पॉलिश पेपर हातात घेण्याआधी वरचा थर कसला आहे ते बघा. न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावायचं. थर मऊ, चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश. ते खरवडायची गरज नसते, स्पिरिटनेच दुरुस्त होतं. स्पिरिटला दाद न देणारा आणि थिनरने विरघळणारा थर बहुधा लॅकर, म्हणजे एक कडक चकचकीत लेप, असतो. सैल सांधे नव्या कडक डिंकाने भरू नका. जुन्या कामात सरस (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला डिंक) वापरलेला असतो आणि तो उष्णतेने व ओलाव्याने सुटतो. पुढच्या सुताराला खुर्ची उघडता यावी म्हणून सरसच वापरलेला बरा.

दोन गोष्टींत मात्र चालढकल नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांत त्यावर बंदी आली तीसुद्धा १९७८मध्ये. रंग कोरडा घासून धूळ उडवू नका, विशेषतः घरात मुलं असतील तर. आणि जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि फडकी आपोआप पेटतात. ती बाहेर सपाट पसरून वाळवायची, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकायची. जुन्या दिव्याची कापडी वायर तर बघतच बसू नका, इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या.

पायरी ६: ऋतूंबरोबर घर हलवा

पहिल्या पावसाळ्यात माझ्या लिहायच्या टेबलाचा ड्रॉवर अडकला. मी रंधा काढला आणि दोन्ही बाजू मनसोक्त तासल्या. ड्रॉवर लोण्यासारखा फिरू लागला. चार महिन्यांनी हवा कोरडी झाली आणि तोच ड्रॉवर खुळखुळू लागला, एक बाजू उचलली की दुसरी खाली. कारण साधं आहे. लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला की फळीची रुंदी ढोबळमानाने एक टक्का बदलते. ३०० मिलिमीटरची फळी म्हणजे ३ मिलिमीटर. ओल्या दिवसांत अडकणाऱ्या ड्रॉवरला कोरडं मेण किंवा मेणबत्ती घासा आणि वाट बघा. तासायचंच असेल तर कोरड्या दिवसांत आणि अगदी थोडं.

म्हणून घरात एक आर्द्रतामापक टांगा. ४० ते ६० टक्क्यांत लाकूड आणि माणूस दोन्ही सुखी असतात. ७० च्या वर बरेच दिवस गेले की बुरशी येते. ओल्या ऋतूत कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, दारं दिवसातून एकदा उघडा, पायांखाली पातळ फळीचे तुकडे द्या. कोरड्या थंडीत उलटा धोका असतो: शेकोटीच्या किंवा हीटरच्या जवळ ठेवलेल्या टेबलाला चीर पडते. शेकोटी वापरत असाल तर जळण किमान एक वर्ष वाळलेलं, ओलावा २० टक्क्यांखाली असलेलं हवं. ओलं लाकूड धूर जास्त करतं आणि धुराड्यात डांबरासारखा थर साठतो, जो पेट घेऊ शकतो. धुराडं वर्षातून एकदा साफ करा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. लाकडांचा ढीग आत रचू नका. दिसतो छान, पण त्यातून किडे थेट तुमच्या नव्या जुन्या कपाटात जातात.

उरला आनंदाचा भाग, आणि तो बराचसा उचलाउचलीचा आहे. गावाकडच्या घरात फर्निचर वर्षभर एकाच जागी असावं असा काही नियम नाही. आमच्याकडे आरामखुर्ची खडूच्या रेघांमागे फिरते. थंडीत ती पूर्वेच्या खिडकीपाशी असते, कारण तिथे सकाळी दीड तास ऊन असतं. उन्हाळ्यात तीच खुर्ची उत्तरेच्या दारात, दोन्हीकडून वारा येतो तिथे. पावसात ती ओसरीच्या आतल्या कोपऱ्यात जाते, जिथे पन्हळीचं पाणी दगडावर पडताना दिसतं आणि शिंतोडे पोचत नाहीत. ही जागा सापडायला दोन पावसाळे आणि एक भिजलेली उशी लागली. जाड पडदे आणि रग निघाले की झटकून, ऊन दाखवून पेटाऱ्यात जातात, सुती पडदे बाहेर येतात. लाकडाला वर्षातून एकदा, कोरड्या दिवसांत, पातळ मेण लावतो. जाड थर देऊ नका, धूळ धरतो.

घर काही महिने बंद ठेवणार असाल तर ड्रॉवर बोटभर उघडे ठेवा, गाद्या उभ्या करा, कपाटांची दारं लोटून ठेवा पण कुलूप लावू नका. उघड्या लाकडावर वर्तमानपत्र पसरू नका, त्याची शाई लाकडाला लागते. जुनी चादर चांगली.

त्या खुळखुळणाऱ्या ड्रॉवरला सुताराने पुढच्या कोरड्या ऋतूत दोन्ही बाजूंना पातळ पट्ट्या लावून दिल्या. डावी पट्टी त्याने मुद्दाम अर्धा मिलिमीटर कमी ठेवली. ‘‘पावसाला जागा,’’ म्हणाला.